डेव्हलपर म्हणजे प्लॉट पाडणारा नव्हे : क्लाउड ऑफिसचं डेव्हलपर खातं काढण्याआधी

बेळगावात 'डेव्हलपर' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो शेत एनए करून घेणारा, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडणारा माणूस. येळ्ळूरकडे जा, हिंडलग्याच्या पुढे जा, त्यांचेच बोर्ड. त्यामुळे आमच्या वाचनालयाच्या बैठकीत इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा म्हणाला, "आपण डेव्हलपर अकाउंट काढूया," तेव्हा खजिनदार अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कशाला? वाचनालयाची जागा इकायची हाय काय?"

हसून झालं, पण प्रश्न तसाच राहिला. आमच्या वाचनालयाची वर्गणी आता गूगल शीटमध्ये लिहिली जाते. ज्यांची थकली आहे त्यांना महिन्यातून एकदा आपोआप ईमेल जावा आणि वर्गणी भरली की पावती आपोआप तयार व्हावी, एवढीच मागणी होती. मुलाने उत्साहात सगळं एका दमात सांगितलं : टेनंट, क्लायंट आयडी, सीक्रेट, टोकन, स्कोप. बैठकीत सात जण होते. त्यातले सहा चहाच्या कपात बघायला लागले.

हा लेख त्या सहा जणांसाठी आहे.

विषय सध्या तोंडी आहे त्याला कारणही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण कागदपत्रं, तक्ते आणि सादरीकरणं यांसाठी झोहो या भारतीय कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे वळत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी आपला ईमेल पत्ता झोहोवर नेल्याचं सांगितलं. तेव्हापासून पतसंस्था, शाळा, गणेश मंडळं, सगळीकडे एकच विचारणा : "आपण पण बदलायचं काय?" मग कुणीतरी वेबसाइट उघडतं, खाली बारीक अक्षरात 'डेव्हलपर' दिसतं, तिथे बोट लागतं आणि पुढच्या पानावर जे विचारलं जातं ते वाचून माणूस गप्प मोबाइल खिशात घालतो.

मंगल कार्यालय, पंगत आणि आचारी

क्लाउड ऑफिस म्हणजे पत्रं, तक्ते, ईमेल, कॅलेंडर ही सगळी कचेरी आपल्या कॉम्प्युटरवर न ठेवता कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवणं आणि इंटरनेटवरून वापरणं. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो वर्कप्लेस ही त्यातली आपल्याकडची ओळखीची नावं. नावं अधूनमधून बदलतात, त्याला घाबरायचं नाही. ऑफिस ३६५ हे २०११ मध्ये आलं, २०२० मध्ये त्याचं मायक्रोसॉफ्ट ३६५ झालं. त्याच वर्षी गूगलच्या जी स्वीटचं वर्कस्पेस झालं. झोहो कंपनी १९९६ पासूनची, तेव्हा तिचं नाव ॲडव्हेंटनेट होतं. बेळगावकरांना नामांतराचं काय कौतुक!

हे समजायला मंगल कार्यालय डोळ्यांपुढे आणा. इमारत मालकाची. भांडी, शेगड्या, पाणी, जनरेटर त्याचाच. आपण फक्त कार्य करायचं. तुम्ही शीट उघडून आकडे लिहिता तेव्हा तुम्ही पंगतीला बसलेले पाहुणे असता. पानात काय वाढलंय ते दिसतं, हवं ते मागता येतं. पण भटारखान्यात जाऊन "आज आमटीत गूळ कमी घाला" असं सांगता येत नाही.

ते काम आचाऱ्याचं. इथे आचारी म्हणजे प्रोग्रॅम. माणसाने बटणं दाबायच्याऐवजी तोच शीट वाचणार, थकबाकी शोधणार, ईमेल पाठवणार. आचाऱ्यासाठी प्रत्येक कार्यालयात मागून एक वेगळं दार असतं. क्लाउड ऑफिसच्या या मागच्या दाराला एपीआय म्हणतात : प्रोग्रॅमने ठरलेल्या पद्धतीने मागायचं, त्याला ठरलेल्या पद्धतीने मिळायचं. आणि त्या दारातून आत सोडण्यासाठी आचाऱ्याची जी नोंद करावी लागते, तिच्यासाठी जे खातं काढायचं ते डेव्हलपर खातं.

म्हणजे तुम्ही स्वतः प्रोग्रॅमर असायलाच पाहिजे असं नाही. यजमानाला स्वयंपाक यावा लागत नाही. आचारी कोण, तो कुणाच्या सांगण्यावरून आत आलाय आणि त्याला कुठल्या खोलीपर्यंत जाता येतं, हे मात्र यजमानाला ठाऊक असावं लागतं.

खातं एक नव्हे, तीन

निम्मा घोळ इथे आहे. 'खातं काढलं' असं आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात.

पहिलं, माणसाचं खातं. जीमेल असो की झोहोचं लॉगिन, हे ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो त्याचं.

दुसरं, संस्थेचं खातं. मायक्रोसॉफ्ट याला टेनंट म्हणतं, म्हणजे सरळ शब्दांत भाडेकरू. हे झालं कार्यालयाचं बुकिंग. इमारत हजार जणांची कार्यं करते, पण आजचं बुकिंग कुणाच्या नावावर, आत कोण कोण येणार, किल्ल्या कुणाकडे, हे सगळं या नावाखाली नोंदलेलं असतं. मायक्रोसॉफ्टकडे याला स्वतःचा पत्ताही मिळतो, शेवटी 'डॉट ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम' असलेला. हा सुरुवातीला भराभर काहीतरी टाकून देऊ नका. एका ओळखीच्यांनी गडबडीत 'टेस्टटेस्ट' असा काहीसा शब्द घातला, आणि आता व्यवस्थापकाचं लॉगिन करायचं झालं की रोज तोच लिहावा लागतो.

तिसरं, ॲपची नोंदणी. हा आचाऱ्याचा गळ्यात घालायचा बिल्ला. एका बुकिंगखाली दोन-तीन आचारी असू शकतात, एकजण जिलेबीचा, एकजण भाताचा. तसं एका संस्थेच्या खात्यात पावत्यांचं एक ॲप आणि आठवणीच्या ईमेलचं दुसरं ॲप असू शकतं.

लोक भांडतात ते या तिन्हीत गल्लत करून. "मी खातं काढलंय की!" असं मुलगा सांगतो तेव्हा त्याने पहिलं काढलेलं असतं. संस्थेला वाटतं दुसरं झालं. आणि काम अडलेलं असतं तिसऱ्यापाशी.

मग कुणाच्या दारात जायचं?

माझं मत आधीच सांगतो : पन्नास ते पाचशे सभासदांच्या संस्थेला बहुतेक वेळा डेव्हलपर खात्याची गरजच नसते.

गूगल शीट वापरत असाल तर त्याच्या मेन्यूत 'एक्स्टेन्शन्स' खाली ॲप्स स्क्रिप्ट नावाची गोष्ट आहे, २००९ पासून. त्या शीटच्याच पोटात छोटा प्रोग्रॅम लिहायची सोय. साध्या जीमेल खात्यावर चालते, कार्ड लागत नाही, ॲपची वेगळी नोंदणी लागत नाही. मर्यादा आहेत : साध्या खात्यातून दिवसाला शंभर जणांनाच ईमेल जातात आणि एका वेळी प्रोग्रॅम सहा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. सभासद साडेतीनशे असले तर चार दिवसांत ईमेल पाठवा. वर्गणी चार वर्षं थकवणाऱ्याला चार दिवसांचा उशीर झाला तर काही बिघडत नाही.

डेव्हलपर खातं लागतं ते प्रोग्रॅम शीटच्या बाहेर राहणार असेल तेव्हा. उदाहरणार्थ वाचनालयाची स्वतःची वेबसाइट आहे आणि तिथे भरलेला फॉर्म थेट शीटमध्ये जायला हवा. किंवा उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीला तिच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकांना ईमेल पाठवायचे आहेत.

गूगलकडे हे काम क्लाउड कन्सोल नावाच्या पानावर होतं. तिथे 'तीनशे डॉलर मोफत, नव्वद दिवस' असा मोठा फलक दिसतो आणि तो कार्ड मागतो. शीट किंवा जीमेलचं मागचं दार उघडायला तो फलक दाबावाच लागतो असं नाही. प्रोजेक्ट तयार करा, हवी ती सेवा चालू करा, बस. अण्णांसारख्या माणसाला हे आधी सांगितलं नाही तर 'कार्ड' शब्द दिसताच ते लॅपटॉपचं झाकण लावतात. बरोबरच करतात.

मायक्रोसॉफ्टबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. त्यांचा डेव्हलपर प्रोग्रॅम कित्येक वर्षं मोठा उदार होता. नाव नोंदवलं की सरावासाठी एक अख्खं संस्थाखातं फुकट, पंचवीस माणसांच्या लायसन्ससह, नव्वद दिवसांसाठी. काम करत राहिलात तर मुदत वाढायची. यूट्यूबवर याचे शेकडो व्हिडिओ आहेत आणि आपली मुलं ते बघूनच येतात. पण २०२४ च्या सुरुवातीपासून ते दार बरंच अरुंद झालं. आता नाव कुणालाही नोंदवता येतं, पण सरावाचं मोफत खातं मुख्यतः व्हिज्युअल स्टुडिओ या त्यांच्याच प्रोग्रॅमिंगच्या साधनाची पैसे देऊन घेतलेली वर्गणी असलेल्यांना आणि काही ठरावीक भागीदारांना मिळतं. बाकीच्यांना फॉर्म भरून झाल्यावर 'तुम्ही सध्या पात्र नाही' अशा अर्थाची ओळ दिसते. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. पुन्हा पुन्हा नवा ईमेल काढून प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

आणि ते खातं मिळालं असतं तरी सरावासाठीच होतं. त्यावर संस्थेचा रोजचा कारभार चालवायला नियमानेच मनाई. रंगीत तालमीच्या मांडवात खरं लग्न लावायचं नसतं. संस्थेकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ ची चालू वर्गणी असेल तर ॲपची नोंदणी तिच्याच आत करता येते, वेगळे पैसे न देता. फक्त जुन्या व्हिडिओत त्या जागेचं नाव 'ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी' दिसेल आणि तुमच्या पडद्यावर 'एन्ट्रा आयडी'. २०२३ मध्ये नाव बदललं, जागा तीच.

झोहोकडे एपीआय कन्सोल आहे, तुलनेने सुटसुटीत. एक खोच मात्र आहे. झोहोची घरं देशोदेशी वेगळी. भारतातलं खातं 'डॉट इन'च्या घरात राहतं, आणि इंटरनेटवरचे नमुने बहुतेक 'डॉट कॉम'चे. नमुना जसाच्या तसा उतरवला की 'हा क्लायंट ओळखीचा नाही' असं उत्तर येतं आणि माणूस दोन दिवस भलतीकडेच चूक शोधत बसतो. निपाणीच्या गाडीत बसून खानापूरचं तिकीट मागितल्यासारखं ते आहे.

फॉर्ममधला रकाना : राज्य

आता प्रत्यक्ष फॉर्म. मी अण्णांच्या शेजारी बसून भरला, म्हणून आठवतो.

देश विचारला जातो. भारत निवडायचा हे उघड आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या संस्थाखात्यात हा देश नंतर बदलता येत नाही, म्हणून यादीत बोट घसरलं नाही ना ते बघा. मग राज्य. इथे अण्णा थांबले. माझ्याकडे बघितलं. त्यांचं उभं आयुष्य एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळण्यात गेलेलं. म्हटलं, अण्णा, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, या रकान्यात नाही. "बरं, घाला," म्हणाले.

यामागे हिशेबाचंही कारण आहे. पैसे देऊन सेवा घेणार असाल आणि जीएसटी नंबर असेल तर त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात : कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. नंबर २९ चा आणि राज्य दुसरंच असं झालं की बिलात कर चुकीच्या खान्यात पडायची भीती, आणि तो परत मिळवताना तुमचा सीए तुम्हालाच हाका मारणार. वाचनालयाला जीएसटी नाही, पण शहापूर-वडगावच्या साडीवाल्यांना आहे.

गावाचं नाव आणखी मजेचं. २०१४ च्या एक नोव्हेंबरला कागदोपत्री 'बेळगावी' झालं, पण संस्थेची जुनी नोंदणी, पॅन, बँकेचं पासबुक यांच्यावर जुनं स्पेलिंग. नाव नोंदवताना कोणतंही चालतं. पुढे संस्था खरी आहे का ते तपासायला कागद मागितले तर मात्र फॉर्म आणि कागद जुळावे लागतात. म्हणून जो कागद पुढे करणार त्यावर जे स्पेलिंग आहे तेच लिहा. पिनकोड जुना-नवा होत नाही हे त्यातल्या त्यात बरं.

आणि मोबाइल नंबर. कुणाचा, हा प्रश्न पुढे घेतो, कारण सगळं गाडं तिथेच अडतं.

आचाऱ्याला कुठली किल्ली?

नोंदणी झाली की पडद्यावर दोन लांबलचक ओळी येतात. एक क्लायंट आयडी, म्हणजे बिल्ल्यावरचा नंबर. तो कुणी पाहिला तरी फारसं बिघडत नाही. दुसरी क्लायंट सीक्रेट, म्हणजे आचारी खरा आहे हे पटवणारा परवलीचा शब्द. मायक्रोसॉफ्टकडे हे सीक्रेट एकदाच पूर्ण दिसतं. पान सोडलं की पुन्हा दिसत नाही, नवं काढावं लागतं. फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची ती गोष्ट नव्हे, हे मी 'वाचनालय कार्यकारिणी' या ग्रुपकडे बघूनच लिहितोय.

मग 'स्कोप' विचारला जातो : या प्रोग्रॅमने काय काय करायचं? फक्त शीट वाचायचं, की बदलायचं? ईमेल पाठवायचे, की आलेलेही वाचायचे? इथे सगळ्या चौकोनांवर टिक मारायचा मोह होतो, म्हणजे पुढे कटकट नको. तसं करू नका. आचाऱ्याला कोठीची किल्ली पुरते, वधूपक्षाच्या दागिन्यांच्या खोलीची कशाला? थकबाकीचे ईमेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला तुमचा इनबॉक्स वाचायचं काही कारण नाही. कुणी बनवून देणारा ते मागत असेल तर का, असं विचारा. विचारायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.

हे सगळं ज्या नियमावलीवर चालतं ती ओऑथ, तिची आजची आवृत्ती २०१२ ची. तिचं मर्म एवढंच : प्रोग्रॅमला तुमचा पासवर्ड कधीच द्यायचा नाही. तुम्ही स्वतः गूगलच्या किंवा झोहोच्या पानावर लॉगिन करून 'होय, याला एवढं करू द्या' असं सांगता, आणि कंपनी प्रोग्रॅमला टोकन देते. टोकन म्हणजे मुदतीची चिठ्ठी, साधारण तासाभराची. तास संपला की दुसऱ्या एका जास्त टिकणाऱ्या चिठ्ठीच्या आधारे नवी मिळते. चिठ्ठी हरवली, चोरीला गेली, तरी तासाभरात ती रद्दी.

दर आठवड्याला मरणारा प्रोग्रॅम

"सर, सगळं चालतंय, पण आठवडा झाला की बंद पडतंय." वर्षातून दोन-तीन पोरं तरी मला हे विचारतात. सर्व्हर बदलून बघतात, कुणी लॅपटॉप फॉरमॅट करतं.

कारण एका शब्दात आहे. गूगलकडे नोंदवलेलं नवं ॲप 'टेस्टिंग' अवस्थेत असतं. तोवर ती जास्त टिकणारी चिठ्ठी सातच दिवस टिकते, आणि तुम्ही नावं घातलेल्या शंभरपर्यंत लोकांनाच ॲप वापरता येतं. सात दिवसांनी पुन्हा माणसाने येऊन 'होय' म्हणायचं. हा बिघाड नव्हे, मुद्दाम लावलेला आळा आहे. ॲप 'प्रॉडक्शन'मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या अवस्थेत नेलं की तो जातो. मग ॲप काय काय मागतं त्यानुसार गूगल तपासणी मागू शकतं, आणि तपासणी झाली नसेल तर वापरणाऱ्याला 'गूगलने हे ॲप तपासलेलं नाही' असा पडदा दिसतो. ॲप तुम्ही स्वतः, स्वतःच्या संस्थेसाठी केलं असेल तर तो पडदा ओलांडायला हरकत नाही. अनोळखी लिंकवर तोच पडदा आला तर मात्र मागे फिरायचं.

"नावं वाचता येईनात"

ही अडचण खास आपल्याकडची. वाचनालयाची १९९०-२००० च्या दशकातली सभासद यादी कॉम्प्युटरवर होती, पण श्रीलिपीत. तालुक्याच्या एका कामासाठी आलेली दुसरी यादी कानडीत, नुडी फॉन्टमध्ये. तिसरी कुणीतरी इंग्रजी अक्षरांत टंकलेली. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'पाटील' दिसतं, पण आत कॉम्प्युटरने साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट म्हणजे त्यावर घातलेला मुखवटा. माणसाला मुखवटा दिसतो, प्रोग्रॅमला आतलं दिसतं. त्यामुळे मागच्या दाराने यादी वाचली की ईमेल जातो तो अशा कचऱ्याच्या नावाने, की सभासदाला वाटावं व्हायरस आला.

उपाय एकच : यादी आधी युनिकोडमध्ये आणायची, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर असतो त्या पद्धतीत. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार तपासायला माणूस लागतो. आमच्याकडे 'कुर्लेकर' आणि 'बर्डे' यांच्यावरच दोन संध्याकाळी गेल्या. डेव्हलपर खातं वीस मिनिटांत झालं होतं.

"पासवर्डच दिला की झालं की!"

अण्णांचा पहिला आक्षेप हाच होता. एवढं टोकन-बिकन कशाला, पोरग्याला पासवर्ड सांगा, तो बघंल.

पासवर्ड दिला की सगळं दिलं : ईमेल, फोटो, कागद, बँकेचे निरोप. परत घ्यायचा तर पासवर्ड बदलायचा, आणि मग बाकी सगळ्यांना नवा सांगायचा. टोकन दिलेलं असेल तर खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन त्या एका ॲपचा प्रवेश काढून टाकता येतो, बाकी कुणाला धक्का न लागता. गड्याला काढलं म्हणून घराचं कुलूप बदलावं लागू नये.

"मग आमची माहिती परदेशात जातीया त्याचं काय?" हा दुसरा. झोहोची भारतातली केंद्रं मुंबई आणि चेन्नईत आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई, चेन्नई इथे केंद्रं उघडली. साध्या मोफत जीमेल खात्यात जागा निवडायची सोय नाही. पण खरं सांगायचं तर आपल्या यादीला धोका सर्व्हर कुठे आहे यापेक्षा, यादीची एक्सेल फाइल किती जणांच्या मोबाइलमध्ये पडून आहे, यातून जास्त आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम सांगतात की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. वाचनालयात बालविभाग असतो, हे विसरू नका. निवडणुकीच्या दिवसांत कुणी 'जरा यादी द्या की' म्हणून आलं तर तीही यातच येते.

"व्हॉट्सॲपवर का नाही?" हे विचारणारे सगळ्यात जास्त. ते दार वेगळं, त्याचं व्यवसाय खातं वेगळं, दर वेगळे. त्याच्यावर पुन्हा कधीतरी.

"एआयला सांगितलं की तो लिहून देतो, मग आचारी शिकवायचा कशाला?" हे इंजिनिअरिंगच्या मुलाचं. खरंय, थकबाकी शोधून ईमेल पाठवणाऱ्या चाळीस ओळी एआय सहज लिहून देतो. पण 'होय, परवानगी आहे' हे बटण तो दाबत नाही, तुम्ही दाबता. त्या चाळीस ओळींत 'सगळे ईमेल वाचू दे' असा स्कोप घुसलेला असला तर तो तुमच्या सहीने घुसतो. आणि सीक्रेट त्या एआयच्या खिडकीत चिकटवून 'का चालत नाही?' विचारायचं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

"पोरगं पुण्याला गेलं तर?"

आता तो मोबाइल नंबर. आणि ही माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेला मी असंच काम करून दिलं. फुकट, ओळखीखातर. घाई होती म्हणून ॲपची नोंदणी माझ्याच खात्याखाली केली, नंबर माझाच, ईमेल माझाच. सीक्रेटची मुदत दोन वर्षांची ठेवली आणि कुठेही लिहून ठेवली नाही. दोन वर्षांनी मार्चअखेरीला, पतसंस्थेत रात्री साडेनऊपर्यंत दिवे चालू असतात त्या आठवड्यात, पावत्या थांबल्या. मी त्या दिवशी गावाला लग्नात. मॅनेजरने अकरा वेळा फोन केला होता. रात्री जाऊन नवं सीक्रेट काढून दिलं, पण तोवर त्यांनी दीडशे पावत्या हाताने फाडल्या होत्या, आणि त्यातल्या दोन चुकलेल्या.

आपल्या भागातली पोरं शिकतात आणि पुण्याला, बेंगळूरला, नाहीतर गोव्याला जातात. जावीतच. पण जाताना आपला सिम बदलतात, कॉलेजचा ईमेल बंद होतो आणि त्याच्या मागे संस्थेचं दार कायमचं लागतं. म्हणून खातं पदाच्या नावाने काढा, माणसाच्या नव्हे. ईमेल 'सचिव' किंवा 'कार्यालय' अशा नावाचा असावा. नंबर संस्थेच्या फोनचा, जो कपाटात राहतो. व्यवस्थापक म्हणून किमान दोघांची नावं. आणि सीक्रेटची मुदत संपायच्या महिनाभर आधीची तारीख सभेच्या वहीत.

आम्ही वाचनालयात शेवटी ॲप्स स्क्रिप्टवरच काम भागवलं, पण खातं नवं काढलं, वाचनालयाच्या नावाने. दोन टप्प्यांची सुरक्षा चालू केली. तेव्हा गूगल दहा राखीव कोड देतं, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा, फोन हरवला तर आत शिरण्यासाठी. मुलाने त्यांचा प्रिंट काढला. अण्णांनी तो लिफाफ्यात घातला, लाखेची कांडी शोधली, ती सापडली नाही म्हणून सेलोटेप लावला, वर सही केली आणि लिफाफा जमाखर्चाच्या वह्यांच्या कपाटात, ट्रस्ट डीडच्या फाइलीवर ठेवला.

मग रजिस्टर उघडून त्यांनी नोंद केली : 'क्लाउड किल्ली, नग दहा.' आणि मला म्हणाले, "एक वापरली की नग नऊ लिवायचं. न्हाईतर ऑडिटर इचारणार."